बांधकामातला उशीर, खोळंबा आणि वाया गेलेली मजुरी: कंत्राटदारांचे वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक महाराष्ट्रातल्या सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद आणि नगरपालिकांची कामं करणाऱ्या लहान-मध्यम कंत्राटदारांकडून येतात. तुमच्या करारातलं कलम इथल्या उत्तरापेक्षा वेगळं असेल तर ते कलमच धरून चाला. जो मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला आहे, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुदतवाढ मंजूर झाली. आता वाढलेल्या काळाचा खर्च मिळेलच ना?

नाही. मुदतवाढीने दंड टळतो, एवढंच. पैशाची मागणी वेगळी करावी लागते आणि तिचा पुरावाही वेगळा असतो. कोविडच्या वेळी हे सगळ्यांनी पाहिलं: केंद्रीय अर्थ मंत्रालयाने १३ मे २०२० ला तीन ते सहा महिन्यांची वाढ देऊ केली, पण कंत्राटदारावर कोणताही बोजा न टाकता फक्त वेळ दिला, पैसे नाहीत.

समोरच्याने करार मोडल्यामुळे झालेलं नुकसान भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ खाली मागता येतं. बहुतेकांच्या नजरेतून सुटतो तो कलम ५५ चा शेवटचा भाग. समोरच्याने आपली जबाबदारी उशिरा पार पाडली आणि तुम्ही ती मुकाट्याने स्वीकारली, तर नंतर भरपाई मागता येत नाही. स्वीकारतानाच तशी सूचना द्यावी लागते. म्हणून मुदतवाढीच्या प्रत्येक अर्जात एक ओळ हवीच: ‘या विलंबामुळे होणाऱ्या वाढीव खर्चाची भरपाई मागण्याचा आमचा हक्क राखून हा अर्ज करीत आहोत.’ काही कार्यालयांत अर्जासोबत ‘आर्थिक मागणी करणार नाही’ असं हमीपत्र घेतात. त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

२. उशीर आणि खोळंबा एकच ना?

उशिरात काम संपण्याची तारीख पुढे जाते. खोळंब्यात तीच माणसं, तेच काम, पण रोजचं काम कमी निघतं. ए विंगच्या कॉलमचं ड्रॉइंग बदललं म्हणून सेंटरिंगची गँग बी विंगला हलवली, तिथे सळई बांधून झाली नव्हती म्हणून अर्धा दिवस गेला, संध्याकाळी पुन्हा ए विंग. इमारत कदाचित ठरलेल्या तारखेलाच पूर्ण होईल, पण मजुरी दीडपट गेलेली असेल.

काम वेळेत संपूनही खोळंब्याची भरपाई मागता येते, यावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही. मुदतवाढीला छापील नमुना असतो, खोळंब्याला नसतो, म्हणून तो कुणी मागतच नाही. माझ्या मते लहान कंत्राटदारांचे सर्वांत जास्त पैसे इथेच बुडतात.

३. करारात ‘विलंबासाठी कोणतीही भरपाई मिळणार नाही’ असं कलम आहे. मग विषयच संपला का?

संपलेला नाही, पण अवघड नक्की आहे. २००७ च्या रामनाथ इंटरनॅशनल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असं कलम कंत्राटदाराविरुद्ध लागू केलं. २००९ मध्ये एशियन टेक्स प्रकरणात त्याच धाटणीच्या कलमाबद्दल म्हटलं की ते खात्याला मागणी मान्य करण्यापासून रोखतं, लवादाला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० च्या सिम्प्लेक्स प्रकरणात तर कलम ५५ आणि ७३ चे हक्क पूर्ण काढून घेणारी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवली. म्हणजे दोन्ही बाजूंच्या वकिलांना हाताशी निकाल आहेत.

आधी कलम नेमकं कशाबद्दल आहे ते शब्दशः वाचा. सरकारने पुरवायच्या मालाला उशीर झाल्यास भरपाई नाही, एवढंच त्यात लिहिलं असेल, तर जागा ताब्यात न दिल्याची भरपाईही नाही असा त्याचा अर्थ होत नाही. साइटवर मात्र ‘क्लॉजमध्ये आहे’ एवढं ऐकून लोक फाइल बंद करतात.

४. अडथळ्याची नोटीस किती दिवसांत द्यायची?

राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ या करारनमुन्यात कलम ६ प्रमाणे मुदतवाढीचा अर्ज अडथळा आल्यापासून ३० दिवसांत किंवा मूळ मुदत संपण्यापूर्वी, यातलं जे आधी येईल तेव्हा करायचा असतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात १४ दिवस. फिडिक या आंतरराष्ट्रीय करारनमुन्याच्या १९९९ आणि २०१७ या दोन्ही आवृत्त्यांत २८ दिवस. तपशीलवार क्लेमसाठी १९९९ च्या आवृत्तीत ४२ दिवस मिळतात, २०१७ च्या आवृत्तीत ८४. जागतिक बँक किंवा जायका (जपानची कर्ज देणारी सरकारी संस्था) यांच्या कर्जावरच्या मोठ्या कामांवर पोटकंत्राट घेतलं असेल तर फिडिकची मुदत तुमच्याही गळ्यात येऊ शकते.

मुदत उलटून गेली असेल तरी आजच नोटीस द्या. ठरावीक दिवसांनंतर हक्कच संपवणारी अट करार कायद्याच्या कलम २८ खाली रद्दबातल ठरते, असा युक्तिवाद करता येतो. पण नोटिशीच्या अटीला तो लागू पडेलच असं धरून बसू नका.

५. पत्रात नेमकं काय लिहायचं? ‘काम रखडलं आहे’ एवढं पुरेल?

पुरणार नाही. काय, कुठे, कधीपासून आणि त्यामुळे काय झालं, या चार गोष्टी पत्रात हव्यात. उदाहरणार्थ:

‘सा. क्र. १/२०० ते १/४५० मधील विजेचे चार खांब ६ जानेवारीपासून आजतागायत हलवलेले नाहीत. त्यामुळे या भागातील खोदाई बंद असून ११ मजूर व एक एक्स्कॅव्हेटर दुसऱ्या भागात हलवावे लागले. तिथे मोरीचे ड्रॉइंग अप्राप्त असल्याने पूर्ण क्षमतेने काम होत नाही. मुदत व खर्च या दोन्हींवर परिणाम होत असून तपशील स्वतंत्रपणे सादर करीत आहोत.’

आकडा नक्की नसला तरी पत्र थांबवू नका. आणि राग पत्रात उतरवू नका. लवादापुढे काही वर्षांनंतर तेच पत्र मोठ्याने वाचलं जातं.

६. पत्रं द्यायला लागलो तर साहेब नाराज होतात, बिलं अडकतात. काय करावं?

खरी अडचण आहे. पण पत्राचा सूर आरोपाचा नको, कळवण्याचा ठेवला तर बहुतेक अभियंत्यांना तेही सोयीचं जातं. त्यांनाही वरच्या कार्यालयाला मुदतवाढीचा प्रस्ताव पाठवायचा असतो आणि त्याला कागद लागतो. उपअभियंत्याशी आधी बोला, मग ‘झालेल्या चर्चेनुसार’ असं लिहून पत्र द्या.

आवक शिक्का देत नसतील तर कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टाने. पावती आणि पोहोच झाल्याचा ऑनलाइन उतारा छापून फाइलला लावा. व्हॉट्सअॅपवरचे फोटो आणि ‘उद्या बघतो’ अशी उत्तरं उपयोगी पडतात, पण करारात लेखी नोटीस म्हटलं असेल तर त्यावर विसंबू नका.

७. कोणत्या नोंदी ठेवायच्या? आमच्याकडे मस्टर आहे.

मस्टरवरून किती माणसं आली ते कळतं, त्यांनी कुठे काय केलं ते कळत नाही. मुकादमाच्या वहीत रोज तीन रकाने वाढवा: कोणती गँग, कुठल्या ठिकाणी, दिवसभरात किती काम निघालं. चौथा रकाना अडथळ्याचा. एवढी वही वर्षभर सलग ठेवलेला माणूस तज्ज्ञाच्या जाड अहवालाला भारी पडतो.

यासोबत मशिनचं लॉगबुक, डिझेलच्या पावत्या, भाड्याच्या मशिनची बिलं, ड्रॉइंग मिळाल्याच्या तारखा, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी आणि प्रत्येक आरए बिलाची (काम चालू असताना निघणाऱ्या बिलाची) तारीख. अडथळा नोंदवही असेल तर तिच्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.

मस्टरवर ४० माणसं आणि भविष्य निर्वाह निधी व ईएसआयच्या चलनात १२, असं असेल तर समोरचा वकील पहिल्यांदा हेच काढणार. काही माणसं पोटठेकेदाराची असतील तर त्यांची चलनं वेळीच मागून ठेवा.

८. उत्पादकता घटली हे रुपयांत कसं दाखवायचं?

सर्वांत पटणारी पद्धत म्हणजे स्वतःच्याच कामाशी तुलना. त्याच साइटवर, तसंच काम, अडथळा नसताना किती निघत होतं आणि अडथळा असताना किती निघालं. याला मेजर्ड माइल म्हणतात. ब्रिटनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉने उशीर आणि खोळंब्यावर काढलेल्या मार्गदर्शिकेची दुसरी आवृत्ती २०१७ ची आहे, तिचाही कल याच पद्धतीकडे आहे.

समजा, गावातल्या गल्ल्यांतून २०० मिमी डीआय पाइप टाकायचा आहे. १४ माणसांची गँग आणि एक जेसीबी. खांब, नळ, गटार यांचा त्रास नसलेल्या गल्लीत १२ दिवसांत ९६० मीटर पाइप पडला, म्हणजे दिवसाला ८० मीटर. दुसऱ्या गल्लीत रस्ता खोदण्याची परवानगी तुकड्या-तुकड्याने आली. तिथे १,०५० मीटरला ३० दिवस लागले. आधीच्या वेगाने १३.१२५ दिवस लागले असते. जास्तीचे दिवस १६.८७५.

हा आकडा असाच टाकून देऊ नका. त्या ३० दिवसांत तीन दिवस मशिन नादुरुस्त असल्याने काम पूर्ण बंद होतं, तो दोष तुमचा. ते वजा केले की १३.८७५ दिवस उरतात. मजुरी १४ माणसं × १३.८७५ = १९४.२५ मनुष्यदिवस, ₹७०० रोजाने ₹१,३५,९७५. जेसीबी ₹९,००० रोजाने ₹१,२४,८७५. एकूण ₹२,६०,८५०. स्वतःचे तीन दिवस स्वतःच वजा केलेला क्लेम वाचणाऱ्याला खरा वाटतो, आणि उलटतपासणीत विचारायला फारसं उरत नाही.

तुलना समान हवी. मोकळ्या रस्त्यावरचं काम घेऊन गल्लीतल्या कामाशी ताडलं तर क्लेम तिथेच पडतो. गल्ली अरुंद आहे हे तुम्हाला निविदा भरतानाच माहीत होतं. दोन्ही गल्ल्यांची रुंदी, खोली, मुरूम की खडक, गँगमधली माणसं हे सगळं कोष्टकात शेजारी-शेजारी मांडा.

९. आमच्याकडे अडथळा नसलेला तुकडाच नाही. पहिल्या दिवसापासून गोंधळ होता.

मग तुमच्याच दुसऱ्या साइटवरचं तसंच काम घ्या, तिथल्या नोंदी असतील तर. तेही नसेल तर निविदा भरताना केलेलं दर विश्लेषण, म्हणजे प्रत्येक दर कसा आला त्याचा हिशेब. ते त्या वेळचं, तारखेचं असावं. आता बनवलेलं विश्लेषण लगेच ओळखू येतं. आधाराला बांधकामातल्या मजूर-उत्पादनाचं भारतीय मानक आयएस ७२७२ आहे, आणि दरसूचीमागचं विश्लेषणही. ‘ओव्हरटाइममुळे इतके टक्के घट’ अशी परदेशी कोष्टकं सर्वांत शेवटी.

एकूण खर्च वजा निविदा रक्कम बरोबर क्लेम, असं मात्र करू नका. निविदा कमी दराने भरली असेल तर तो तोटाही त्यात शिरतो. समोरचे लोक हे दोन मिनिटांत दाखवून देतात.

१०. ऑफिसचा खर्च आणि बुडालेला नफा हडसन सूत्राने काढला. मान्य होईल का?

सूत्र सोपं आहे, म्हणूनच सगळे वापरतात. ₹६ कोटींचं काम, १२ महिने, निविदेत ओव्हरहेड (ऑफिसचा वरकड खर्च) व नफा १० टक्के, विलंब पाच महिने: महिन्याला ₹५० लाखांचं काम, त्याचे १० टक्के ₹५ लाख, पाच महिन्यांचे ₹२५ लाख.

२००६ च्या मॅकडरमॉट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोणतं सूत्र वापरायचं ते लवादाने ठरवावं असं म्हटलं, त्यामुळे हडसनला बळ मिळालं. पण २०२३ मध्ये दोन निकालांनी हवा बदलली. मुंबईतल्या सांडपाणी पुनर्वापर संयंत्राच्या बाटलीबॉय विरुद्ध हिंदुस्तान पेट्रोलियम वादात ओव्हरहेड आणि नफ्याच्या भरपाईचा निवाडा टिकला नाही. दूरदर्शन भवनाच्या कामावरच्या युनिब्रॉस प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की नुसतं सूत्र म्हणजे पुरावा नव्हे. उशीर झाला नसता तर तीच माणसं आणि यंत्रं दुसऱ्या कामावर लावून नफा मिळवला असता, हे दाखवावं लागेल.

म्हणून त्या काळात भरता न आलेल्या निविदा, अडकलेली निविदा क्षमता, नाकारलेली कामं, आदल्या वर्षांचे ताळेबंद जोडा. आणि दुहेरी मोजणी टाळा: वाढीव काळात जे काम झालं त्याच्या बिलातही ओव्हरहेड येतच असतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर विश्लेषणात नफा व ओव्हरहेडचे मिळून १५ टक्के धरलेले असतात, तेवढे वाढीव कामाच्या बिलातून तुम्हाला मिळालेच आहेत.

११. ‘मुदत पावसाळा धरून’ असं निविदेत आहे. मग पावसामुळे झालेलं नुकसान मागता येणार नाही, असं साहेब म्हणतात.

नेहमीच्या पावसाबद्दल साहेबांचं बरोबर आहे. ‘पावसाळा धरून’ म्हणजे ते महिने तुम्ही हिशेबात घेतलेत. पण कार्यादेश नोव्हेंबरचा, मातीकाम मेपर्यंत संपवायचं नियोजन, आणि जागा मिळाली मार्चच्या अखेरीला. आता तेच मातीकाम जून-जुलैत कोकणात करायचं. इथे मागणी पावसाची नसून कोरड्या हंगामातलं काम पावसात ढकललं गेल्याची आहे. अर्जात ‘अतिवृष्टी’ असं कारण लिहिलंत की तुम्हीच तुमची मागणी मारली, कारण निसर्गाच्या कारणाने वेळ मिळतो, पैसे क्वचितच. कारण ‘जागा उशिरा दिली’ असंच लिहा.

पुराव्याला कामाच्या सुरुवातीला दिलेला बार चार्ट हवा. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय पावसाचे आकडे मिळतात, ते जोडा. एप्रिल-मेमध्ये झालेलं रोजचं मातीकाम आणि जुलैतलं, अशी प्रश्न ८ सारखी तुलना करा. आणि एका प्रश्नाची तयारी ठेवा: मजूर पेरणीला गावी गेले होते का? गेले असतील तर ते दिवस वगळा. कोकणात शिमगा आणि गणपतीचे दिवसही असेच तपासले जातात.

१२. उशीर दोन्हीकडून झाला. आमचं सिमेंट नव्हतं आणि त्यांचं ड्रॉइंगही नव्हतं.

एकाच वेळी दोन्ही कारणांनी काम थांबलं असेल तर सर्वसाधारणपणे वेळ मिळतो, पैसे मिळत नाहीत. पण खरंच एकाच वेळी का, हे तारखांनिशी पाहा. ड्रॉइंग नसल्याने काम बंदच होतं म्हणून सिमेंट मागवलं नाही, असंही असतं. तसं असेल तर ते त्याच वेळी पत्रात लिहिलेलं हवं.

१३. अंतिम बिलावर ‘कोणतीही मागणी शिल्लक नाही’ अशी सही केली. त्याशिवाय बिल मिळत नव्हतं.

सहीने दार कायमचं बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या बोघारा पॉलिफॅब प्रकरणात म्हटलं की दबावाखाली घेतलेली पूर्ण-समाधानाची पावती बांधील नसते. पण दबाव सिद्ध तुम्हाला करायचा आहे. बिल किती महिने अडकलं होतं, बँकेचे हप्ते थकले होते का, सहीच्या आधी तुम्ही मागणी लिहून दिली होती का, आणि सहीनंतर किती दिवसांत निषेधाचं पत्र दिलं, हे पाहिलं जातं. आठवड्याभरात पत्र दिलं तर उपयोग होतो. दीड वर्षाने आठवलेला दबाव कुणी मानत नाही. मुदतवाढीच्या वेळच्या हमीपत्रालाही हेच लागू.

१४. भाववाढ मिळाली आहे. तरी वाढीव काळातल्या सिमेंट-सळईच्या दराचा फरक मागता येईल?

भाववाढ कलमाने तो फरक भरून निघाला असेल तर पुन्हा नाही. सूत्रात न बसणारा भाग उरला असेल तर तेवढाच मागा. भाववाढ कलमच नसेल तर मार्ग मोकळा आहे: विलंब खात्यामुळे झाला असेल तर वाढीव दर देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने के. एन. सत्यपालन प्रकरणात मान्य केलं आहे.

यंत्रांबाबत एक खबरदारी. स्वतःचं मशिन उभं राहिलं तर बाजारभाड्याने क्लेम लावू नका. घसारा, व्याज, ऑपरेटरचा पगार धरा. उभ्या मशिनला डिझेल लागत नाही.

१५. आमचा दंड कापला, उशीर तर त्यांच्यामुळे. किती कापू शकतात?

बी-१ च्या कलम २ मध्ये अंदाजित रकमेच्या दररोज एक टक्का किंवा अधीक्षक अभियंता ठरवतील तेवढा कमी दर, आणि एकूण कमाल १० टक्के. पण ही कमाल मर्यादा आहे, ठरलेली किंमत नव्हे. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण) या २०१५ च्या निकालानुसार करार कायद्याच्या कलम ७४ खाली रक्कम लिहिलेली असली तरी नुकसान झालेलं असावं लागतं. नुकसान मोजणं शक्य असेल तर ते सिद्धही करावं लागतं. दंड परत मागणं आणि स्वतःची भरपाई मागणं या दोन वेगळ्या मागण्या आहेत, त्या वेगळ्या लिहा.

१६. आमच्या करारात लवादाचं कलम नाही. कुठे जायचं आणि किती वेळ आहे?

बी-१ च्या कलम ३० मध्ये अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम म्हटलेला असतो. त्याला लवाद म्हणावं का, यावर वाद झाले आहेत, तेव्हा शब्दरचना वकिलाला दाखवा. केंद्र सरकारच्या कामांत ३ जून २०२४ च्या अर्थ मंत्रालयाच्या सूचनांनंतर नव्या निविदांत ₹१० कोटींवरच्या वादांना लवाद ठेवायचा नाही असा कल आहे. त्यामुळे लवाद असेलच असं गृहीत धरू नका.

न्यायालयात जायचं तर बांधकाम करारांचे ₹३ लाखांवरचे दावे वाणिज्य न्यायालयात जातात. तातडीचा आदेश मागत नसाल तर आधी मध्यस्थी बंधनकारक आहे. सरकारविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते.

मुदत तीन वर्षं. ती कधीपासून मोजायची यावरच निम्मे खटले लढले जातात, म्हणून करारभंगाच्या तारखेपासून मोजा. तुमच्या स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. खात्याने मुदत संपण्याआधी सहीनिशी देणं मान्य केलं, तरच ती नव्याने सुरू होते. ‘प्रस्ताव वर पाठवला आहे’ हे देणं मान्य करणं नव्हे.

१७. मी पोटठेकेदार आहे. मुख्य कंत्राटदार म्हणतो, खात्याने दिलं तर देतो.

तुमचा करार त्याच्याशी आहे, खात्याशी नाही. तुमच्या कार्यादेशात ‘मुख्य कराराच्या सर्व अटी लागू’ असं लिहिलं असेल तर प्रश्न ४ मधल्या मुदती तुम्हालाही लागू होतील. उलट, त्याला वेळेत नोटीस देता यावी म्हणून तुमची मुदत त्याहून कमी असते, बरेचदा सात दिवस. कार्यादेश फोनवरच मिळाला असेल तर दर, मुदत आणि जागेची तारीख लिहून आजच ईमेल करा, आणि त्याने आक्षेप घेतला नाही तर ती ईमेल जपून ठेवा. खात्याकडून वसूल झाल्यावरच पैसे, अशी अट सही करण्याआधी वाचा. तिच्यात त्याने क्लेम लढवण्याची जबाबदारी घेतली आहे का, आणि तुमच्या वाट्याची रक्कम त्याच्या क्लेममध्ये वेगळी दाखवली जाणार आहे का, हे लिहून घेता येतं. तो खात्याशी तडजोड करून मोकळा झाला तर तुमच्या वाट्याचं काय, हेही त्याच कागदावर यायला हवं.